डाव्या हाताने गुंडाळलेली टेप

गाडीमागे ट्रेलर जोडायचे हुक बसवणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव बँकेला आणि बायकोला माहीत होतं. बाकी सगळे त्याला 'खात्री' म्हणत. कोणी म्हणालं, चहात साखर घातलीय, की हा विचारी, "खात्री काय?" कोणी म्हणालं, उद्या नक्की येतो, की पुन्हा तेच. घरातून निघताना तो कुलूप लावी, ओढून बघी, मग त्याला जवळजवळ लोंबकळे, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येई. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या लग्नाच्या दाखल्यावर सही झालीय की नाही, हे बघायला हे दोनदा ऑफिसात जाऊन आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा कारकुनाने विचारलं, मोडायचंय का?"

सवय हवेतून आलेली नव्हती. वर्कशॉप मूळ वडिलांचं. तेव्हा तिथे एक गोड बोलणारा कामगार होता. वडिलांनी त्याला एकदा विचारलं, बोल्ट आवळलेस का? तो म्हणाला, आवळले. त्या शब्दावर गाडी सोडली. उतारावर ट्रेलर सुटला, गाडीला मागे टाकून एकटाच खाली गेला आणि एका किराणा दुकानाची भिंत फोडून साबणाच्या खोक्यांत जाऊन थांबला. कोणाला खरचटलंही नाही. पण वडील त्यानंतर त्या दुकानावरून कधी गेले नाहीत. लांबचा रस्ता धरायचे. मुलाने त्यातून एवढंच उचललं, की तोंडाने सांगितलेला बोल्ट ढिलाच असतो.

पत्र्याची ती शेड लांब आणि अरुंद होती. मधोमध गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, डाव्या भिंतीला हुकांचे वेगवेगळे साचे टांगलेले, आणि मागच्या खिडकीशी दुसरं टेबल. ते टेबल त्याच्या धाकट्या बहिणीचं. तिथे एका आडव्या सळईवर वायरींची रिळं ओवलेली असत; तपकिरी, हिरवी, पिवळी, लाल, पांढरी आणि शेवटी काळी, कायम याच क्रमाने. हात मागे नेला की न बघता हवी ती वायर हाताला लागली पाहिजे, असा तिचा हिशेब.

बहिणीला सगळे 'ठिणगी' म्हणत. म्हणजे सगळे म्हणजे घरातलेच. लहानपणी तिने बॅटरीच्या दोन टोकांवर पाना ठेवून शेडभर उजेड पाडला होता, तेव्हा वडिलांनी ठेवलेलं ते नाव. ती डावखुरी. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा एक पेटी घेऊन परत आली, शेडमागच्या खोलीत पेटी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वायरिंगला बसली. कोणी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. तेव्हापासून धंद्याची वाटणी ठरलेली होती: हुक त्याचा, दिवे तिचे. लोखंड कापणं, भोकं पाडणं, आवळणं यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण हल्लीच्या गाड्यांच्या वायरी त्याला कळत नसत. आणि दिव्यांशिवाय ट्रेलर रस्त्यावर काढता येत नाही, त्यामुळे नुसता हुक लावून घ्यायला कोणी येत नाही. ठिणगी गेली तर शेडला कुलूप लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. या एका गोष्टीची त्याला कधी खात्री करून घ्यावी लागली नव्हती.

आणि ती जाईल अशी धास्ती त्याला होती. मोठ्या रस्त्यावर काचेचं दार असलेलं एक गॅरेज निघालं होतं. त्याचा मालक एकदा भर शेडमध्ये, त्याच्या देखत म्हणाला होता, "ताई, आमच्याकडे या. फिरती खुर्ची देतो, वर पंखा." ठिणगी हसली होती. 'नाही' म्हणाली नव्हती. ते हसू त्याने मनात जपून ठेवलं होतं आणि अधूनमधून काढून उलटंसुलटं करून बघत असे.

कामाचा शेवट मात्र दोघांचा असे. ती गाडीत बसून पेडल दाबणार, हा मागे उभा राहून दिवे बघणार.

"ब्रेक!"

"आहे!"

"डावा!"

"आहे!"

"उजवा!"

"आहे. पुन्हा."

सगळं पुन्हा. मग ती हात धुवायला गेली की हा तिचा एकेक जोड उघडून बघायचा, परत बंद करायचा आणि वर नवी टेप गुंडाळायचा. तिला हे माहीत होतं. तिला माहीत आहे, हे त्यालाही माहीत होतं.

एका दुपारी शेडच्या दारात एक गाडी येऊन बसली. उभी राहिली म्हणता येणार नाही, इतकी ती बुटकी होती. चंदेरी रंग, दोनच सीट, मागच्या बाजूला बंदुकीच्या नळ्यांसारखे दोन धुराचे पाइप. आतून एक उंच माणूस हप्त्याहप्त्याने बाहेर आला: आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेला. दातांचा डॉक्टर, गावाबाहेर राहतो, असं त्याने सांगितलं.

"हुक बसवायचाय."

"कशाला?"

"या गाडीला."

खात्रीने गाडीला एक फेरी मारली. "डॉक्टर, ही पळवायची गाडी. शर्यतीच्या घोड्याला कोणी हातगाडा जुंपतं का?"

"घोडा माझा आहे ना?"

"घोडा तुमचा, पण हुक माझा. ओढणार काय?"

हा प्रश्न तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत असे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पान्याला हात लावत नसे. डॉक्टरने उत्तर देण्याआधी खिडकीकडे बघितलं. तिथे ठिणगी खाली मान घालून वायर सोलत होती.

"हलकंच आहे," डॉक्टर म्हणाला. "एक छोटी होडी आहे माझी. आणि एक-दोन वस्तू."

"वस्तू म्हणजे?"

"वस्तू म्हणजे वस्तू."

जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडत आलेला माणूस स्वतःचं घट्ट मिटून उभा राहिला. खात्रीने काम घेतलं, कारण असं काम शेडमध्ये आजवर आलं नव्हतं आणि ते काचेच्या दारात जावं अशी त्याची इच्छा नव्हती. पण किल्ली ठेवून निघताना डॉक्टर वळला आणि सहज म्हणाला, "येतो हं, ठिणगीताई."

खात्रीच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला. ते नाव शेडबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर रस्त्याला लागेपर्यंत तो थांबला. मग खिडकीशी गेला.

"हा कसा ओळखतो तुला?"

"दात दाखवायला गेले होते."

"कुठला?"

"दाढ. उघडून दाखवू?" असं म्हणून तिने खरोखरच आ केला. आणि तो खरोखरच वाकून बघायला लागला. दाढेत नवं सिमेंट होतं.

"झाली खात्री?" तोंड मिटून तिने विचारलं.

"दाढेची झाली. दाढेने त्याला तुझं नाव सांगितलं का?"

ती पुन्हा वायर सोलायला लागली. त्याने गाडी आत घेतली, आणि तेव्हा त्याला काचेच्या कोपऱ्यातला स्टिकर दिसला. मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजचा. गाडीची देखभाल तिथे होत होती, मग हुक लावायला इथे कशाला? त्याच्या डोक्यात दोन आणि दोन मिळून लगेच पाच झाले. डॉक्टर हा काचेच्या दारवाल्याचा माणूस. अवघड गाडी देऊन पाठवलाय, बहीण किती पाण्यात आहे ते जोखायला.

हुकाचं काम त्याने जीव ओतून केलं. संशय आला की त्याचा हात अधिकच नेटका चाले. खड्ड्यात उतरून त्याने आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, कारण दोन पाइपांच्या मधे हुकाला जागा जेमतेम होती. खाली लोखंडी सांगाडा चांगला जाडजूड निघाला. त्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडल्या, बंपरच्या खालच्या कडेला एक अरुंद खाच पाडली, आणि ट्रेलर अडकवायचा गोळा असा केला की खिट्टी काढली की निघून यावा. एकेक बोल्ट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. ठिपका म्हणजे त्याची सही. मग वाळलेल्या ठिपक्यांवर पुन्हा पाना लावून बघणं, म्हणजे सहीची खात्री.

ठिणगी डिकीत बसून, पाय बाहेर सोडून काम करत होती. मांडीवर मीटर. या गाडीच्या दिव्यांवर आतला कॉम्प्युटर नजर ठेवून असतो. थेट त्यांना वायर जोडली तर तो बोंब मारतो. म्हणून तिने मधे एक छोटी डबी बसवली. कधी पत्र्यावर बोटाने टकटक करी, कान देऊन ऐके, मग पुन्हा मीटर लावी.

"काय ऐकतेस? जोशिणीसारखी?" त्याने खड्ड्यातून विचारलं.

"गाडी काय म्हणते ते."

"काय म्हणते?"

"म्हणते, भाऊ खाली उभा राहून माझे पाय बघतोय, त्याला स्वतःचं काम कर म्हणावं."

हे नेहमीचं होतं. नेहमीचं नव्हतं ते दुपारचं. जेवण झालं की ती सायकल काढायची आणि निघून जायची. "जरा जाऊन येते." कुठे, ते नाही. परत यायची ती थकून, पण चेहऱ्यावर काहीतरी समाधान घेऊन, आणि तेच त्याला जास्त खुपायचं. एकदा ती हात धूत असताना त्याने तिच्या बाहीकडे निरखून बघितलं. बाहीवर लाकडाचा भुसा होता. वायरवालीच्या बाहीवर लाकडाचा भुसा कुठून येतो? त्याने चिमटीत धरून वास घेतला. ताज्या प्लायचा होता.

घरी बायकोला सांगितलं. बायको भांडी विसळत होती.

"काचेच्या दारवाल्याकडे नवं टेबल बनवून घेतेय ती," तो म्हणाला. "तिच्या मापाचं."

"मग मालकाने सुतार बोलावला नसता?"

"आणि तो डॉक्टर? तो कोण?"

"तुम्हाला काय वाटतं, ती डॉक्टरबरोबर पळून जाणार? त्या गाडीत दोन माणसं बसली की तिसरा रुमाल मावत नाही. तिचं सामान कुठे ठेवणार?"

"म्हणून तर हुक लावून घेतोय," खात्री म्हणाला.

बायकोला हसू आवरेना. तिला तो विनोद वाटला. तो गंभीर होता.

दुसऱ्या दिवशी ठिणगी जेवून गेल्यावर त्याने डिकी उघडली. तिचे जोड एकेक करून बघितले. सगळे ठीक. मग ट्रेलरची पिन जिथे बसते त्या सॉकेटच्या मागे त्याला काळी वायर दिसली. काळी म्हणजे अर्थिंगची. सगळ्या दिव्यांत खेळून आलेली वीज हिच्यातून परत फिरते. ती जवळच कुठेतरी गाडीच्या अंगाला बोल्टने आवळायची, हा साधा नियम. वडील म्हणायचे, "अर्थिंग जवळ असावं, पाहुणा लांब असावा." पण ही काळी वायर मागे थांबलीच नव्हती. ती गालिच्याखाली शिरून पुढे, सीटच्या दिशेने निघाली होती.

दिवे मागे, मग वायर पुढे कशाला?

त्याने गालिचा उचलला. वायर सीटखाली गेली. तिथे हात घातला, वायर आणखी पुढे. कुठे संपते ते दिसेना. जे दिसत नाही त्याचा त्याला नेहमीच राग यायचा. ही काय भानगड आहे, सीटखाली काय लपवलंय यांनी, हा प्रश्न त्याने मोठ्याने गाडीला विचारला. मग त्याने कटर आणला, काळी वायर सॉकेटपासून वीतभर अंतरावर कापली, आणि डिकीच्या तळाशी आधीपासून असलेल्या एका बोल्टखाली घट्ट आवळली. बोल्ट खरवडून बघितला, लख्ख लोखंड. कापल्या जागी टेप गुंडाळली, वर पिवळा ठिपका. मग तपासणीचा दिवा आणला, त्याची चिमटी खालच्या हुकाला अडकवली आणि सॉकेटची प्रत्येक वाट बघितली. दिवा प्रत्येक वेळी झक्क पेटला. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी डॉक्टर गाडी न्यायला आला. खात्रीने त्याला शेडचा नियम सांगितला: घरी जाऊन ट्रेलर जोडायचा, तो घेऊन इथे यायचं, त्यावरचे दिवे बघितल्याशिवाय काम पुरं नाही.

"आणि होडीच आणा," तो म्हणाला. "वस्तू नको."

डॉक्टरने पुन्हा खिडकीकडे बघितलं. या वेळी ठिणगीनेही वर बघितलं आणि मान किंचित हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे खात्रीला त्याच्या जागेवरून दिसलं नाही, आणि त्या रागात त्याने शेडचं दार रोजच्यापेक्षा एकदा जास्त ओढून बघितलं.

सकाळी डॉक्टर आला तो तांबडालाल होऊन. गाडीमागे होडी नव्हती. एक पांढरा, चौकोनी, बंद डबा होता, दोन चाकांचा, बाजूला दार असलेला. गाडीपेक्षा उंच. ससा कपाट ओढतोय असं ते दृश्य होतं.

"काय काम केलंय हे?" डॉक्टर उतरण्याच्या अर्ध्या हप्त्यातच ओरडायला लागला. "डावीकडे वळायचा दिवा देतोय, तर मागे ब्रेकचे दिवे लुकलुकतात! ब्रेक दाबला तर सगळंच मिणमिणतं, आणि खड्डा आला की पार विझतं! मागचा ट्रकवाला शेवटच्या क्षणी बाजूला झाला. शिव्या तर अशा दिल्या की मला नवीन शब्द कळले."

खात्रीने बहिणीकडे बघितलं. त्याच्या मनात जे कित्येक दिवस साठत होतं, त्याला आता वाट मिळाली.

"लक्ष ठिकाणावर असतं तर ना! दुपारी सायकल काढून जायचं, भुसा घेऊन यायचं. शेडचं नाव घालवलंस तू!"

"दादा, आधी बघू दे."

"मीच बघतो. आधी हे काय आणलंय ते बघतो." तो तरातरा डब्याकडे गेला आणि दार उघडलं.

आत नव्या प्लायचं टेबल होतं, भिंतीला खण, खणाला कड, म्हणजे गाडी हलली तर वस्तू पडू नयेत. टेबलावर आडवी सळई होती. सळईवर रिळं होती. तपकिरी, हिरवी, पिवळी, लाल, पांढरी आणि शेवटी काळी.

त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. तो दाराच्या कडेला हात टेकून उभा राहिला.

"वडिलांचा डबा माझ्या," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाला. आता त्याचा राग उतरून त्याजागी संकोच आला होता. "तेही दातांचेच डॉक्टर. यात खुर्ची टाकून लांबलांब फिरायचे. माझ्या आवारात पडून होता. ताईंनी दाढ भरून घेताना खिडकीतून बघितला. म्हणाल्या, तुमच्या दवाखान्याचं सगळं वायरिंग नवं करून देते, हा मला द्या. नाव त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, डब्यावर हेच रंगवायचंय. तो स्टिकर बघून तुम्ही रोज कपाळाला आठ्या घालता, असं ताई म्हणाल्या, पण त्या गॅरेजने हुक लावायला नाही म्हटलं हो."

"आणि होडी?"

"होडी आहे. खरंच आहे."

"मीच सांगितलं, डबा घेऊन या म्हणून," ठिणगी म्हणाली. "तोंडाने सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, खात्री काय? दाखवलेलंच पटतं तुला."

"कुठे जाणार हे घेऊन?"

"लोकांच्या दारी. ज्यांचा ट्रेलर उभा असतो तिथे. शेतावर, तळ्यावर. एक जुनी गाडी घेतलीय मी, ती हा डबा ओढेल."

त्याने हातात होतं ते शस्त्र उचललं. "आधी याचे दिवे लाव. मग लोकांच्या दारी जा."

ती डिकीत शिरली. गालिचा बाजूला झाल्याचा आवाज आला. खात्री मागे उभा होता. त्याला तिची पाठ दिसत होती, आणि तिच्या खांद्यावरून तो पिवळा ठिपका.

कापल्या जागची टेप तिने बोटाने चाचपली. ठिणगी टेप डाव्या हाताने गुंडाळते. तिची गुंडाळी उलटी जाते. ही सुलटी होती. शेडमध्ये दोनच माणसं टेप गुंडाळत.

ती डिकीतून बाहेर आली. "अर्थिंगची वायर सुटली होती," ती डॉक्टरला म्हणाली. "तुमची गाडी वरून लोखंडाची नाही. फायबरची आहे. डिकीत जो बोल्ट दिसतो तो फायबरमध्ये नुसता चिकटवलेला आहे, त्याच्यापुढे विजेला रस्ता नाही. म्हणून मी वायर पार पुढे बॅटरीपर्यंत नेली होती. ती सुटली, त्यामुळे विजेला परतायला फक्त हुकाचा गोळा उरला, आणि त्यालाही ग्रीस, म्हणजे तोही धड रस्ता नाही. मग ती मिळेल त्या दिव्यातून घुसते. जोडते आता."

"सुटली कशी?" डॉक्टरने विचारलं.

"सुटते कधी कधी."

खात्रीने ते ऐकलं. खाली लोखंडाचा सांगाडा दिसला म्हणून वरही लोखंड, असं त्याने धरलं होतं. खरवडल्यावर बोल्ट चमकला म्हणून खात्री झाली होती. आणि तपासताना चिमटी नेमकी त्या लोखंडी हुकालाच लावली होती. ती गाडीच्या अंगावर टकटक करून काय ऐकत होती, तेही आता कळलं. पण या सगळ्यापेक्षा त्याला ते तीन शब्द बोचले. आयुष्यभर तो ज्या शब्दांवर विश्वास ठेवत नव्हता तसलेच, सहज सांगितलेले, न तपासता येणारे शब्द. आणि डॉक्टरने ते मान हलवून मान्यही केले होते.

"सुटली नव्हती," तो म्हणाला. "मी कापली."

डॉक्टर एकाकडून दुसरीकडे बघत राहिला. "का?"

"पुढे जात होती म्हणून."

डॉक्टरला यातून काही उलगडलं नसावं. तो म्हणाला, मी जरा चहा घेऊन येतो, आणि पहिल्यांदाच चटकन निघाला.

ठिणगीने बोल्ट सोडला, टेप काढली, वायरीची दोन्ही टोकं सोलायला घेतली.

"म्हणून चाललीस?" त्याने विचारलं.

"डबा त्याच्या आधीच ठरलेला आहे. यामुळे नाही."

"तपासणं चूक आहे का? ट्रेलर सुटला तर?"

"तपास ना. दिवा लावून तपास, ओढून तपास. पण तू जोड उघडतोस, दादा. घट्ट बसलेला जोड उघडला की परत तितका घट्ट बसत नाही. मग महिन्याने ती गाडी येते, जोड ढिला निघतो, आणि तू मला म्हणतोस, बघ, मी म्हणत नव्हतो?" ती सोल्डरिंग आयर्न तापायची वाट बघत होती. आवाजात ना राग होता, ना रडू. "किती वर्षं मला वाटायचं, माझा हातच कच्चा आहे. मग मी एकदा एक जोड तुझ्यापासून लपवून ठेवला. त्या दूधवाल्याच्या गाडीत, सीटच्या मागे. तो अजून तसाच आहे."

त्याला त्या दूधवाल्याची गाडी आठवली. ती कधीच परत आली नव्हती, आणि तो माणूस काचेच्या दारात गेला असेल असं त्याने धरून ठेवलं होतं.

तिने जोड पुरा केला, टेप गुंडाळली, उलटी, आणि पुढे जाऊन सीटवर बसली. डॉक्टरच्या गाडीत तिचं फक्त डोकं दिसत होतं. तो डब्यामागे जाऊन उभा राहिला.

"ब्रेक!"

"आहे!"

"डावा!"

"आहे!"

"उजवा!"

"आहे," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पुन्हा."

तिने पुन्हा दाबलं.

ठिणगी पुढच्या आठवड्यात डबा घेऊन गेली. तिच्या जुन्या गाडीला हुक त्यानेच बसवला, आणि ठिपके असे ठळक काढले की लांबूनही गोवर आल्यासारखे दिसावेत. शेडला कुलूप लागलं नाही. वायरिंग करायला ती आठवड्यातून एकदा डबा घेऊन दारात उभी राहते, इतर गिऱ्हाइकांच्या दारात राहते तशीच. तिची अट एकच: जोड उघडायचा नाही. उघडलेला दिसला तर पुढच्या आठवड्यात डबा दुसरीकडे.

मधल्या दिवसांत दिवे बघायची वेळ आली तर तो सीट आणि ब्रेकच्या पेडलमध्ये एक लाकडाचा तुकडा अडकवतो, मागे जाऊन दिवा बघतो, तुकडा घसरला नसेल ना म्हणून पुढे येतो, नसतो घसरला, मग दिवा अजून आहे ना म्हणून पुन्हा मागे. बायको म्हणते, नवऱ्याची तब्येत यामुळे सुधारली.

अट घातल्यानंतर पहिल्यांदा ठिणगी काम करून गेली, त्या संध्याकाळी तो घरी उशिरा आला. हात धुतले, ताटावर बसला, आणि जेवेना.

"उघडलात?" बायकोने विचारलं.

"नाही."

"दिवे?"

"बघितले. दोनदा. जोडाला हात लावला नाही."

बायकोने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

"खात्री काय?" ती म्हणाली.

तिने पदराला हात पुसले, खुंटीवरची किल्ली घेतली, शेडपर्यंत गेली, त्या गाडीची डिकी उघडून टेपची दिशा बघितली आणि परत आली.

"उलटीच आहे," ती म्हणाली. "जेवा आता."